बाई, बोलून पाठवा

मागच्या महिन्यात आमच्या गच्चीवरच्या टाकीचा नळ गळायला लागला. थेंब थेंब नाही, चांगली करंगळीएवढी धार. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या दहिवडीत उन्हाळ्यात हंडाभर पाणी वाया गेलं तरी शेजारीपाजारी विचारायला येतात, म्हणून मी लगेच फोन काढला आणि त्याला मेसेज टाकला. तो म्हणजे आमचा प्लंबर. आणि माझा विद्यार्थीही, अगदी पहिली-दुसरीतला. नाव इथं लिहीत नाही. मेसेज साधाच होता. वरच्या टाकीचा नळ गळतोय, बहुतेक व्हॉल्व गेलाय, अर्ध्या इंची घेऊन ये, वायसर पण आण, मी चारनंतर घरी आहे. दोन्ही खुणा लगेच निळ्या झाल्या. उत्तर काही येईना. धारेखाली बादली लावून मी जिन्यातच बसले. अर्ध्या तासाने टुण्‌ झालं. त्याचा आवाज, मागे ग्राइंडरची घरघर : "बाई, मेसेज बघितला. जरा बोलून पाठवा की. गाडीवर असतो, वाचत कुठं बसू?"

मी बोलून पाठवलं. तो आला, नळ तात्पुरता बांधून गेला, दुसऱ्या दिवशी सामान घेऊन येतो म्हणाला. विषय तिथं संपायला हवा होता. पण रात्री सहज त्याच्यासोबतचे जुने मेसेज वर वर सरकवत गेले. दोन वर्षांचे होते. माझी बाजू अक्षरांनी भरलेली, दिवाळीच्या शुभेच्छा, गीझरची तक्रार, शिक्षकदिनाला त्याने पाठवलेल्या फुलांच्या चित्राला दिलेला लांबलचक आशीर्वाद. त्याची बाजू म्हणजे अंगठे, फोटो आणि आवाजाच्या हिरव्या पट्ट्या. दोन वर्षांत एक अक्षर नाही. साधं 'हो' नाही.

पहिलीत तो माझ्याच वर्गात होता.

२००४ साल. मी नवीनच शिक्षणसेवक म्हणून लागले होते, महिन्याला ३००० रुपये मानधन. शाळा दोनशिक्षकी. तिसरी-चौथी गुरुजींकडे, पहिली-दुसरी माझ्याकडे. वर्गाच्या भिंतीवर गावातल्या रंगाऱ्याने तैलरंगात वर्णमाला काढलेली होती. क कमळाचा, ख खटाऱ्याचा, ग गवताचा. ङ आणि ञ च्या चौकोनांत काय काढायचं हे बहुधा त्यालाही सुचलं नसावं, तिथं त्याने नुसतंच एकेक फूल काढलं होतं. त्यामुळे कित्येक मुलं ङ ला 'फुलाचा ड' म्हणत. मी त्या भिंतीच्या क्रमाने जात असे. एका वेळी एकच अक्षर. पाटीवर गिरवणं, वहीत पानभर, मग पुढचं. क पासून निघायचं आणि दिवाळीपर्यंत न ला पोचायचं, असा माझा हिशोब, आणि तो मी दर वर्षी पाळायचे. मला त्याचा अभिमानही वाटायचा.

त्याचं घर मेंढपाळाचं. दिवाळी झाली की वाडा खाली कोकणाकडे निघायचा. घोड्यावर बिऱ्हाड, पाठीवर कोंबड्यांची टोपली, पुढे मेंढरं. तो परत यायचा तो जूनमध्ये, पावसाच्या तोंडाशी, उन्हाने काळा ठिक्कर होऊन आणि चार बोटं उंच होऊन. पुढच्या वर्षी तो हजेरीपटावर दुसरीत होता, पण 'कच्चा आहे' म्हणून मी त्याला पहिलीच्या रांगेत बसवलं. आणि पुन्हा क पासून सुरुवात केली. पुन्हा दिवाळीला न. पुन्हा वाडा निघाला.

म्हणजे त्याला क ते न दोनदा मिळालं, आणि प पासून पुढचं एकदाही नाही.

हे मला त्या रात्री, फोन हातात धरून, पहिल्यांदा असं सरळ दिसलं. वीस वर्षांनी. मग मी अंथरुणात पडल्या पडल्या हिशोब करत बसले. फक्त क ते न एवढ्या अक्षरांत काय काय लिहिता येतं? मेंढी नाही, म नाही. बाप नाही. पाऊस नाही. वाडा नाही, शाळा नाही, पाणी नाही. कोकरू नाही. ज्या घोड्यावर त्यांचं बिऱ्हाड लादलेलं असायचं त्यातले घ आणि ड तेवढे त्याला येत होते, पण ओकार कुठं शिकवला होता मी? तो वर्षातून पाच महिने माझ्यासमोर मांडी घालून बसायचा, माझ्यामागून मोठ्याने म्हणायचा, आणि त्याच्या जगातली एकही वस्तू त्याला कागदावर भेटत नव्हती. माझ्या लेखी तो अनियमित विद्यार्थी होता. शेऱ्याच्या रकान्यात मी तसं लिहिलंही आहे, चांगल्या वळणदार अक्षरात.

आणि गंमत अशी (गंमत कसली) की डी.एड.च्या परीक्षेत मी कुरणशाळेवर टीप लिहिली होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांमागे कुरणातच शाळा नेली. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळेनं मुलांकडे जावं. हे सगळं मला तोंडपाठ होतं, त्याला गुण मिळाले, आणि दोन वर्षांनी एक मेंढरामागचा मुलगा समोर आल्यावर मी त्याच्या नावापुढे गैरहजेरीची शून्यं मांडत बसले. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे असं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

मला स्वतःला वाचायला कुणी शिकवलं ते मला आठवत नाही. खूप प्रयत्न करून पाहिला. आठवते ती पाटी. ओल्या फडक्याचा कुबट वास, पाटी वाळवताना हवेत हलवत म्हटलेलं 'चिमणी चिमणी वारा घाल, कावळ्या कावळ्या पाणी घाल', पेन्सिलीचा तो अंगावर काटा आणणारा कर्रर्र आवाज, आणि पेन्सिल खाल्ली म्हणून खाल्लेला मार. आठवतात वाण्याकडून आलेले पुडे. अण्णा साखर डब्यात ओतून झाली की पुड्याचा कागद मांडीवर सपाट करायचे आणि अर्ध्यातून फाटलेली बातमी मोठ्याने वाचायचे, उरलेली अर्धी स्वतःच्या मनाने पुरी करायचे. एसटीच्या पाट्या आठवतात. म्हसवड, गोंदवले, पंढरपूर. पण अमुक दिवशी मला वाचता येत नव्हतं आणि तमुक दिवशी यायला लागलं, असा सांधा काही सापडत नाही. पोहायला शिकलेलं आठवतं, सायकल शिकताना फुटलेला गुडघा अजून दाखवता येतो, वाचन मात्र जसं काही उपजतच होतं.

शिक्षिका म्हणून हाच माझा मोठा दोष होता, असं आता वाटतं. जे आपल्याला आपोआप आलं ते सगळ्यांना आपोआप येतं, थोडं लवकर, थोडं उशिरा, असं मी धरून चालले होते. 'येईल हळूहळू.' पालकसभेत हे वाक्य मी किती जणांना सांगितलं असेल. ज्यांच्या घरी साखरेच्या पुड्याचा कागद सपाट करणारे अण्णा होते त्यांना हळूहळू आलंही. त्या मुलांचं श्रेय मी घेतलं, आणि बाकीच्यांचा दोष त्यांच्या घरावर टाकला.

माझ्या डोक्यावर पहिला टोला एका वेलांटीने हाणला. ही गोष्ट खूप नंतरची, शाळाही दुसरी. एक चुणचुणीत मुलगा 'किटली' लिहीत होता. त्याने क काढला, मग त्याच्या उजवीकडे वेलांटी काढली आणि ती भलतीकडेच वळवून ठेवली. मी खोडून दाखवलं, अरे, पहिली वेलांटी आधी काढायची, अक्षराच्या डावीकडे. त्याने माझ्याकडे पाहिलं. "पण बाई, आधी क ऐकू येतो. इ नंतर येतो. मग वेलांटी आधी का?"

मी म्हणाले, "तशीच असते ती. लक्षात ठेव."

तो गप्प बसला आणि लक्षात ठेवू लागला. पण मी घरी जाताना एसटीत तोच प्रश्न घेऊन बसले. बरोबर होतं की त्याचं! त्याचा कान शाबूत होता. मीच तो प्रश्न कधी विचारला नव्हता, कारण वाचता येणाऱ्या माणसाला अक्षरं दिसतच नाहीत, सरळ शब्द दिसतो. मग मी मुद्दाम डोळे बारीक करून, नवख्यासारखी आपल्या लिपीकडे पाहू लागले, आणि थक्क झाले. काना उजवीकडे लागतो. मात्रा डोक्यावर बसते. उकार पायाशी. दुसरी वेलांटी उजवीकडून येते, पहिली डावीकडून. एका अक्षराला चारही बाजूंनी पाहुणे, आणि सगळे उच्चारात मात्र शेवटी येणार. रफाराचं तर उलटंच. 'पूर्व' म्हणताना र आधी येतो, पण लिहिताना आधी व काढायचा आणि मग त्याच्या डोक्यावर र चढवायचा. म्हणजे वेलांटी लिहायची आधी आणि म्हणायची नंतर, रफार म्हणायचा आधी आणि लिहायचा नंतर. आणि हे आम्ही सहा-सात वर्षांच्या पोराला 'सोपं तर आहे' म्हणून सांगतो.

वर मराठीला जसं बोलतो तसं लिहितात हा आमचा लाडका समज. इंग्रजीपेक्षा आपलं बरं, हे खरंच. पण 'कमळ' मधला ळ आपण अर्धाच म्हणतो आणि लिहितो पूर्ण. 'चार' आकड्यातला च वेगळा आणि गुरांच्या चाऱ्यातला च वेगळा, लिहायला दोन्ही एकच. आमच्याकडची पोरं घरी 'पानी' म्हणतात आणि पुस्तकात 'पाणी' असतं, तेव्हा त्यांना ण साठी एक वेगळा कप्पा डोक्यात तयार करावा लागतो. घ आणि ध, म आणि भ, ब आणि व ही मंडळी लांबून सख्खी भावंडं दिसतात. ३४ व्यंजनं आणि बाराखडीचे बारा खण एकमेकांत गुणून पाहा, चारशेच्या वर आकृत्या होतात, जोडाक्षरं सोडून. पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात आणि कर्नाटकात यादगीरकडे काही अभ्यासकांनी पहिली ते तिसरीच्या मुलांचा वर्षानुवर्षं माग काढला तेव्हाही हेच दिसलं की अक्षरं पक्की व्हायला आपला अभ्यासक्रम धरतो त्याहून फार जास्त काळ लागतो. आम्ही मात्र पहिलीच्या मार्चमध्ये 'अक्षरओळख पूर्ण' असं लिहून मोकळे.

वर्णमालेचा क्रम सुंदर आहे, याबद्दल वाद नाही. कंठापासून निघून टाळू, मूर्धा, दात करत ओठांपर्यंत येणारी ती रांग ज्यांनी लावली त्यांना मनापासून नमस्कार. पण ती रांग उच्चार कळणाऱ्यांसाठी लावलेली आहे, वाचायला शिकणाऱ्यांसाठी नाही. त, थ, द, ध असे एकमेकांसारखे ऐकू येणारे आवाज एकापाठोपाठ एक शिकवले की मुलांच्या डोक्यात त्यांची खिचडी होते. शिवाय त्या रांगेत बसून शब्द तयार व्हायला फार वाट पाहावी लागते. क ख ग घ ङ एवढ्या पाच अक्षरांत तुम्ही मुलाला काय वाचायला देणार? खग?

आमच्या शेजारच्याच तालुक्यात, फलटणला, मॅक्सिन बर्नसन नावाच्या बाईंनी हे कोडं कधीच सोडवलेलं होतं. भाषाशास्त्र शिकून अमेरिकेतून आलेल्या, इथंच राहिलेल्या. प्रगत शिक्षण संस्था त्यांची, आणि कमला निंबकर बालभवन ही १९८६ साली सुरू झालेली शाळाही. तिथं अक्षरं रांगेने नाही, गटागटाने शिकवतात. ज्या चार-पाच अक्षरांतून आणि एखाद्या स्वरचिन्हातून भरपूर शब्द निघतील असा गट आधी. माझ्या गावापासून तासा-दीड तासावर हे चाललं होतं आणि माझ्यापर्यंत ते पोचायला माझ्या नोकरीची दहा वर्षं गेली. त्याला कुणाला दोष द्यायचा?

नीट विचार केला तर आमच्या लहानपणीच्या पुस्तकातल्या 'छगन, कमळ बघ' मध्येही तेच शहाणपण होतं. त्यावर आपण सगळ्यांनी विनोद केले, छगनला कमळाशिवाय काही बघायला नाही का, वगैरे. पण त्या वाक्यात एक काना नाही, एक मात्रा नाही. जेवढं शिकवलंय तेवढ्यातच बसवलेलं, मुलाला एकदम स्वतःच्या बळावर वाचता यावं म्हणून. छगनची आपण उगाच थट्टा केली.

मी माझा गट लावून पाहिला. क, म, ल, न आणि काना. फळ्यावर मांडून बसले आणि शब्द नुसते वाहायला लागले. काम, नाक, कान, मान, मका, माल, लाल, काल, नाल, कमान, काका, मामा, नाना. त्याआधी आठवडाभर नुसते तोंडी खेळ. टाळ्या वाजवून शब्द तोडायचा, का-का, क-मा-न. 'कमान' मधला पहिला आवाज झाकला तर काय उरलं? मान! आवाज असा हातात धरता येतो, तोडता येतो, बदलता येतो हे मुलांना कळलं की त्यांच्या अंगात येतं. एकाने 'मामा' मधला एक मा खाऊन टाकला आणि दिवसभर आपल्या मामाला 'मा' म्हणत हिंडला. मग अक्षर, मग लगेच काना, मग लगेच शब्द. दुसऱ्या गटात आ, ण, र, त घेतले, आणि मी फळ्यावर वाक्य लिहिलं : मामा, मला लाल मका आण.

शेवटच्या बाकावरची एक मुलगी उठली. वर्षभर तोंड न उघडलेली. फळ्याजवळ आली, बोट ठेवून एकेक अक्षर ओढत नेऊ लागली. मा, मा. मामा. म, ला. मला. ला, ल. कपाळावर आठ्या, जीभ ओठांच्या कोपऱ्यात. शेवटी 'आण' ला पोचली, थांबली, पुन्हा मागे गेली, सगळं एका दमात म्हणाली. आणि मग माझ्याकडे वळून तिने तक्रार केली, "बाई, मका लाल कुठं असतो? पिवळा असतो."

मी तिला काही सांगू शकले नाही, घशात काहीतरी आलं होतं. ती वाद घालत होती. फळ्याशी वाद घालत होती.

त्याआधी माझ्या वर्गात 'वाचन' म्हणून जे चालायचं ते आठवलं की लाज वाटते. पानावर बकरीचं चित्र, खाली 'बकरी'. मूल चित्र बघून खणखणीत आवाजात म्हणायचं, "शेळी!" आणि मी म्हणायचे, शाब्बास. अर्थ कळला ना, मग झालं. अमेरिकेत या एका गोष्टीवरून पन्नासेक वर्षं भांडणं चालली आहेत म्हणे. मुलांनी चित्रावरून, संदर्भावरून शब्द ओळखावा म्हणणारे एकीकडे, आणि ध्वनी-अक्षर पायरी पायरीने शिकवा म्हणणारे दुसरीकडे. तिथं २००० साली सरकारी समितीने पुरावे चाळून दुसऱ्या बाजूला कौल दिला, तरी भांडण काही मिटलं नाही. इंग्लंडने २०१२ पासून पहिलीच्या मुलांची तपासणी सुरू केली, त्यात काही मुद्दाम बनवलेले खोटे शब्द असतात, म्हणजे पाठांतरावर किंवा अंदाजावर भागत नाही, अक्षरंच वाचावी लागतात. ही युक्ती मला भलतीच आवडली. मी वर्गात 'नालाम' असा शब्द लिहून पाहिला. निम्म्या वर्गाने 'सलाम' म्हटलं.

तिकडचं भांडण इकडे एका मजेशीर रूपात आलंय. पुण्याला बहिणीकडे गेले की तिच्या सोसायटीत 'फोनिक्स क्लास' चा फलक दिसतो. चार वर्षांच्या पोरांना इंग्रजी अक्षरांचे आवाज शिकवायला पालक हजारो रुपये भरतात, आणि त्याच पालकांना मराठी वाचन शिकवावं लागतं असं वाटत नाही. ते 'आपोआप' येणार. घरचीच भाषा ना. त्यांच्या मुलांना मग सातवीत 'स्त्री' वाचताना घाम फुटतो.

आता सगळं बदललंय असं म्हणतात. २०२१ च्या जुलैत केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान आलं, तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं हे उद्दिष्ट, मुदत २०२६-२७. वर्गात तक्ते आले, पेट्या आल्या, कृतिपत्रिका आल्या. चांगलं आहे, मनापासून सांगते. वीस वर्षांपूर्वी मला असं काही मिळालं असतं तर. पण या चांगल्याचीही मला कधी कधी धास्ती वाटते. परवा एक तरुण सर, फार मेहनती मुलगा, गट क्रमांक तीनची कार्डं मुलांच्या हातात देऊन त्याचे फोटो काढत होते, ग्रुपवर टाकायला. एका मुलाने कार्डावरची अक्षरं जुळवून स्वतःच्या कुत्र्याचं नाव तयार केलं. सर म्हणाले, "ते नाही, आज दिलेले शब्द लाव." मुलाने कुत्रा मोडून टाकला. मला एकदम माझी भिंत आठवली. क्रम बदलला, रंगही बदलले, पण क्रमाच्या मागे धावणारी बाई तीच.

म्हणून जेवणाच्या सुट्टीनंतर मी वीस मिनिटं नुसती गोष्ट वाचते. प्रश्न नाही, नोंद नाही, फोटो नाही. पोटं भरलेली, बाहेर ऊन, खिचडीच्या वासाचे हात, दोघे-तिघे पेंगत असतात. त्यांच्या अजून वाचता न येणाऱ्या कितीतरी शब्दांवरून मी भराभर जाते आणि ते माझ्यामागून येतात. बाराखडीही मी पुरती सोडलेली नाही. कला काना का, सगळ्या वर्गाने एका सुरात, डोलत डोलत. त्याने वाचन येत नाही, मला माहीत आहे. पण पत्र्यावर पाऊस वाजत असताना चाळीस मुलं 'की' वर आवाज चढवतात तेव्हा ते बंद करायला सांगणारा अजून जन्माला यायचाय.

'असर' चं सर्वेक्षण करणारे तरुण आमच्या गावात एकदा आले होते. ते शाळेत नाही, घरोघरी जाऊन मुलांना वाचायला देतात. एका कागदावर अक्षरं, मग सुटे शब्द, मग पहिलीचा चार ओळींचा उतारा, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. २००५ पासून ही अशीच चाचणी. २०२४ मध्ये देशाच्या ग्रामीण भागातल्या तिसरीच्या मुलांपैकी २७.१ टक्के मुलांना ती दुसरीची गोष्ट वाचता आली. हा आकडा मी प्रशिक्षणात कितीदा ऐकला, दर वेळी मान हलवली, टिपून घेतला. राहिलेल्या त्र्याहत्तरांना चेहरा असू शकतो, तो माझ्या टाकीखाली पान्हा घेऊन बसू शकतो, असं कधी वाटलं नव्हतं.

तर दुसऱ्या दिवशी तो आला. सामानाची पिशवी खांद्याला, चपला जिन्याच्या तळाशी काढलेल्या, मी कितीही सांगितलं तरी तो तिथंच काढतो. टाकी बंद केली, जुना व्हॉल्व काढला, दाताने टेप तोडून आट्यांवर गुंडाळली, बोटाने दाबत, घाई न करता. काम फार सुबक त्याचं. मी चहा घेऊन वर गेले आणि विचारायचं नाही असं ठरवलेलं असताना विचारून बसले. "तुला वाचता येतं ना रे?"

त्याने मान वर केली नाही. कान मात्र लाल झाले. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा बाप्या, दोन लेकरांचा बाप. "येतंय की, बाई. एकेक करून येतंय. पण लांबलचक असलं की शेवटाला जाईपर्यंत पहिलं विसरतंय." मग जरा हसला. "तुम्ही लई लांब लिहिता."

कुठं शिकलास पुढचं, मी विचारलं. 'पुढचं' म्हणजे प पासून पुढचं, हे त्याला कळणं शक्य नव्हतं, पण त्याला कळलं असावं असं मला उगाच वाटलं. म्हणाला, घाटात. कोकणात उतरताना ट्रक लागायचे रांगेनं. "घाटात गाड्या हळू चालतात, बाई. मेंढरं बी हळू. वाचायला टाइम मिळायचा. मागं लिहिलेलं असतंय की, आई-वडिलांचा आशीर्वाद. ते डोक्यावरचं असतंय ना आशीर्वादात, ते मला लई दिवस कळंना. मग एक डायव्हर होता, त्याला विचारलं."

मी काय बोलणार. ड्रायव्हरने रफार शिकवला होता.

नळ बसला. त्याने टाकी उघडली, थोडा वेळ सांध्याखाली तळहात धरून बसला, कोरडा आहे बघितलं. मग व्हॉल्वच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, कानावरची पेन्सिल काढली आणि गुडघ्यावर ठेवून हिशोब लिहायला लागला. मी त्याच्या मागे उभी होते. त्याला लिहिताना मी वीस वर्षांनी पाहत होते. पहिला शब्द 'फिटिंग' असावा. त्याने पुठ्ठ्याच्या अगदी कडेला फ काढला. मग मागे येऊन त्याला वेलांटी लावायला गेला, पण डावीकडे जागाच नव्हती, पेन्सिलीचं टोक कडेवरून घसरलं. त्याने वेलांटीची दांडी पुठ्ठ्याच्या जाडीवर काढली, वरची कमान तेवढी अक्षरापर्यंत ओढून आणली. मग ट. मग परत मागे जाऊन त्याची वेलांटी, फ आणि ट च्या फटीत, अंग चोरून. मग ग. ट वर टिंब नाही. खाली वाल १, टेप १, मजुरी. बेरीज झरझर, तोंडी, ओठ न हलवता.

माझ्या हातात चहाचा कप होता म्हणून बरं, नाहीतर उजवा हात आपोआप पुढे गेला असता, लाल पेन असल्यासारखा.

"बरोबर आहे ना, बाई?" त्याने पुठ्ठा माझ्यापुढे धरला.

"बेरीज बरोबर आहे," मी म्हणाले.